बसलेला बैल उठवतो, बसलेल्या मायचे काय?



देवणी बैलाचे नाव मुलूखभर आहे. त्याच्या वैरणपाण्यात आपण कमी करत नाही. बैल बसला आणि उठेना, तर हाक मारायचा अवकाश, चार शेजारी वासा घेऊन धावतात. घरातली म्हातारी बाजेवरून उठेना, तर कोणाला हाक मारायची?

दुखणे म्हणजे ताप-खोकला, एवढेच आपण धरतो. तांब्या उचलून अंगावर पाणी घेता न येणे, रात्री एकट्याने परसाकडे जाता न येणे, लुगडे नेसता न येणे, याला 'वय झालं' म्हणून सोडून देतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी २०१७-१८ मध्ये देशभर पाहणी केली. साठीपुढच्या चौघांपैकी जवळपास एकाला यातले एखादे तरी काम अवघड जाते, असे त्यात निघाले.

सरकारने काय दिले? श्रावणबाळ योजनेचे दरमहा हजार रुपये २०२३ साली दीड हजार झाले. काठी, चष्मा, कमोड खुर्चीसाठी वयोश्री योजनेतून २०२४ पासून एकदाच तीन हजार. त्याच वर्षापासून सत्तरीपुढच्यांना पाच लाखांपर्यंत उपचार, पण दवाखान्यात भरती झाले तर. पैसा आला, काठी आली, खाट आली. उठवणारा हात कुठे आहे?

आशाताईच्या तपासणी अर्जात साठीपुढच्यांना प्रश्न आहे: जेवण, कपडे, आंघोळ, चालणे, शौच यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? उत्तर 'होय' आले, तर पुढे काय? दवाखान्यात दाखवा! ज्याला परसाकडे जाता येत नाही, त्याने दवाखाना गाठायचा!

आजवर तो हात सुनेचा. कापूस वेचणी असो की ज्वारीची काढणी, ती घरी थांबली तर रोज बुडतो. रानात गेली तर सासू दिवसभर ओल्यात पडून राहते. पोरगा पुण्याला नाहीतर हैदराबादला. त्याला नालायक म्हणून भागत नाही. कोरडवाहू चार एकरांत पोट भरेना म्हणून तो गेला. हमीभाव काढताना घरच्यांची शेतातली मजुरी निदान कागदावर तरी धरतात. घरातल्या या मजुरीला कागदावरही जागा नाही.

हे काम पगार देऊन करता येते. केरळात २००८ च्या धोरणानंतर पंचायतींच्या पगारी नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. मग आपल्याकडे का नाही?

तालुका बैठकीत तीन गोष्टी मांडायच्या आहेत.

१) उठता न येणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरनिहाय यादी ग्रामसभेने करावी.

२) गावातल्याच बायांना शिकवून सकाळ-संध्याकाळ त्या घरी पाठवावे. त्यांचा रोज सरकारने द्यावा. सुनेवर फुकट लादू नये.

३) ते होईपर्यंत वेचणी-काढणीच्या दिवसांत गल्लीने पाळी लावावी. पाळीत पुरुषही हवेत.

बैठकीला येताना आपल्या गल्लीतली नावे लिहून आणा. नुसती घोषणा घेऊन येऊ नका.