मेन्यूत सुरमई, दर्याला सुट्टी

बेसाहून समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा! तरी गेल्या जुलैत आमची गँग मालवणला धडकली. फंडा एकच, समुद्रासमोर बसून ताज्जी सुरमई हाणायची.

बंदरावर पाहतो तर ट्रॉलर ताडपत्र्या पांघरून गप्प उभे. खानावळीतल्या काकूंनी ऑर्डर घेण्याआधीच सांगून टाकलं, "सुरमई आसा, पण बर्फातली." आमचे चेहरे पडले ना यार!

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, त्यात खवळलेला दर्या. बिनयांत्रिक होड्यांना सूट आहे, पण अशा पावसात त्या जाणार तरी किती लांब? मग काकूंनी सुक्या सुंगटांची किसमूर वाढली. ओलं खोबरं, कच्चा कांदा, सोबत उकड्या तांदळाचा भात नि सोलकढी. बॉस, सुरमई विसरलो! उन्हात वाळवून डब्यात भरलेलं हेच तिथल्या घरांचं पावसाळी सीफूड. फोटोत मात्र अजिबात ग्लॅमरस दिसत नाही.

आता नागपुरात जुलैत कुणी 'फ्रेश सुरमई' म्हटलं की मी विचारते, कुठल्या किनाऱ्याची? कारण पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे तिकडची ताजी असूही शकते. परवा एक वेटर आत जाऊन विचारून आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, रोहू घ्या नं."

घेतला.