हलू नका!

साठी उलटलेल्या माणसाने व्हिडिओ गेम खेळावा की नाही, यावर आमच्या सकाळच्या फिरायच्या टोळीत दोन तट पडले आहेत. एका तटात मी आहे आणि दुसऱ्यात उरलेले सगळे. परवा तर एका निवृत्त हेडमास्तरांनी सरळ विचारलं, "काय हो, आता गोट्याही खेळणार का?" मी म्हटलं, "गोट्यांत माणसं मरत नाहीत. आमच्या खेळात मरतात." त्यावर सगळे दोन पावलं लांबून चालू लागले.

झालं असं, की माझा पुतण्या बंगलोरला नोकरीला गेला आणि त्याचं ते प्लेस्टेशन नावाचं खोकं आमच्याकडे ठेवून गेला. हिने त्यावर लगेच क्रोशाचा रुमाल घातला. तो रुमाल एका पावसाळी दुपारी मी उचलला आणि माझ्या सुखी संसाराला 'अन्टिल डॉन' नावाचं ग्रहण लागलं.

हा खेळ २०१५ सालचा. इंग्लंडातल्या गिल्डफर्ड गावच्या सुपरमॅसिव्ह गेम्स या मंडळींनी केलेला. कॅनडातला एक बर्फाळ डोंगर, त्यावर एक आलिशान बंगला आणि रात्रभर तिथे अडकलेली आठ तरुण मुलंमुली. वर्षापूर्वी तिथेच मित्रांनी केलेल्या एका वाह्यात थट्टेपायी दोन जुळ्या बहिणी नाहीशा झालेल्या. त्यांचा भाऊ जॉश त्याच मित्रांना पुन्हा तिथे बोलावतो. (अशा ठिकाणी पुन्हा कोण जातं, हा प्रश्न विचारायचा नाही. भयकथेतल्या माणसांना अक्कल असती तर भयकथा चार ओळींत संपली असती.) सूर्य उगवेपर्यंत यांना जगवायचं. क्षणाक्षणाला खेळ विचारतो, हे करू की ते करू? उत्तर द्यायला घटकाभराचा अवधी, आणि त्या उत्तरावर कोण जगणार आणि कोण मरणार ते ठरणार.

आता पुतण्याचं म्हणणं, "काका, सगळी निवड खोटी असते. गोष्ट आधीच ठरलेली. तुम्हाला नुसतं वाटतं." हेडमास्तरांचं म्हणणं, हा पोरखेळ. मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी हेडमास्तर. या खेळात मागे फिरता येत नाही. चूक झाली की खेळ ती स्वतःच नोंदवून ठेवतो आणि पुढे चालू लागतो. 'एकदा परत' म्हणायची सोय नाही. सुरुवातीला क्रिस नावाचा मुलगा बंदुकीची नेमबाजी करत असताना समोर एक खार येते. मी गंमत म्हणून मारली. लगेच आकाशातून एक पक्षी येऊन शेजारी उभ्या असलेल्या सॅमच्या कपाळावर चोच मारून गेला. ती जखम पुढे रात्रभर तिच्या कपाळावर. ज्या पोरखेळात खार मारल्याचा हिशेब पहाटेपर्यंत चुकत नाही, तो मला आमच्या सोसायटीच्या हिशेबापेक्षा बरा वाटतो.

आणि ते 'हलू नका'! संकट अगदी नाकासमोर आलं की पडद्यावर हुकूम येतो आणि हातातलं यंत्र तसूभरही हलवायचं नसतं. हललं की गेलं. नेमक्या त्याच वेळी आमच्या घरी कुकरची शिट्टी होते. हातावर डास बसतो. एकदा ही मागून येऊन म्हणाली, "अहो, दूधवाल्याचे सुटे आहेत का?" आणि माझ्या खांद्याच्या एका उडीने एक तरणाताठा जीव गेला. पण भीती दाखवायची ही युक्ती मला फार आवडली. सिनेमात किंचाळायची मुभा असते, इथे किंचाळलात तर मेलात.

आता पुतण्या. त्याचं निम्मं खरं आहे, हे कबूल करतो. करवतीचा एक प्रसंग आहे. जॉश आणि ॲश्ली दोघं बांधलेले, कुणाला वाचवायचं ते क्रिसने ठरवायचं. मी पाणी पिऊन आलो, देवाचं नाव घेतलं, जॉशला वाचवायचं ठरवलं. करवत जॉशकडेच गेली! मागाहून कळलं, की काहीही ठरवा, ती तिकडेच जाते. याला आमच्याकडे शुद्ध फसवणूक म्हणतात. शिवाय सॅम आणि माइक यांना शेवटच्या प्रकरणापर्यंत यमसुद्धा हात लावत नाही. एकदा हे कळलं की त्यांच्या पळापळीत जीव राहत नाही. बरेच जीव तर विचाराने वाचतच नाहीत, अंगठ्याने वाचतात. अमुक बटण पटकन दाबा. माझ्या संधिवातापायी जेसिकाचा बळी गेला. तिला वाचवायला माइक सुरक्षित वाटेने गेला, कारण मी आयुष्यभर सुरक्षित वाटेनेच गेलेलो आहे, आणि उशीर झाला.

माझा खरा राग मात्र वेगळा आहे. जॉशला मानसिक आजार आहे आणि तो मुखवटा घालून सगळ्यांना छळतो. आजारी माणूस म्हणजे मुखवटा आणि करवत, हे समीकरण मांडताना या हुशार मंडळींना काहीच कसं वाटलं नाही? बाकी सगळे वाचू शकतात, पण २०१५ च्या त्या खेळात तुम्ही काहीही करा, जॉश माणूस म्हणून त्या डोंगरावरून खाली येत नाही. जंगलातली ती वेंडिगो नावाची भुतं अल्गॉनक्वियन भाषा बोलणाऱ्या तिथल्या मूळ लोकांची. हिवाळा, उपासमार आणि माणसाने माणूस खाणं, यांतून जन्मलेली त्यांची भीती. खेळाने ती उचलली, १९५२ साली खाणीत अडकलेल्या मजुरांना चिकटवली आणि त्या आठांत त्या लोकांपैकी एकही नाही घेतला. उद्या कुणी आपला वेताळ उचलून नेला आणि गावकऱ्यांना दाराबाहेर ठेवलं, तर आपण काय म्हणू?

एवढं सगळं असूनही पुतण्याचं 'सगळं खोटं' मी मानायला तयार नाही. कारण एमिली.

एमिली ही त्या आठांतली फटकळ मुलगी. उलट बोलते, कुणाचं ऐकत नाही. माझ्या खेळात तिला वेंडिगो चावला. बाकीचे म्हणू लागले, आता हीसुद्धा तशीच होणार. माइकने तिच्यावर पिस्तूल रोखलं. चाप ओढायचा की नाही, ते माझ्या हातात. मी ओढला. थोड्याच वेळात ॲश्लीला एका वहीत सापडलं, की चाव्याने काहीही होत नाही.

मी खेळावर भडकलो. ही फसवणूक म्हणून मुलीला फोन लावला. तिने तो खेळ आधी खेळलेला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माणसाने माणूस खाल्ला तरच वेंडिगो होतो, हे त्या म्हाताऱ्याने तुम्हाला त्याच प्रकरणात सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

"मग?"

मी गप्प.

"तिचा आवाज चढला होता म्हणून मारलीत," ती म्हणाली. "जेसिका असती तर मारली नसतीत."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ क्रोशाच्या रुमालाची टोकं सरळ करत बसलो. आमच्या ऑफिसात फार वर्षांपूर्वी एक बाई होत्या. फटकळच होत्या. त्यांच्याविरुद्ध एक कागद फिरला होता. सगळ्यांनी सही केली, मीही केली. त्या कागदात काय लिहिलंय ते मी वाचलं होतं, आणि ते खरं नाही हेही मला ठाऊक होतं. ही आठवण मला कुठल्याही कीर्तनात झाली नव्हती. ती या पोरखेळाने काढली. म्हणून म्हणतो, करवतीची निवड खोटी असेल, पिस्तुलाची नव्हती.

परवा रात्री खेळ पहिल्यापासून मांडला. पुन्हा ती खोली आली, पुन्हा पिस्तूल आलं. मी यंत्र टीपॉयवर ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो.

"हे काय?" हिने विचारलं.

"हलू नकोस," मी म्हटलं.

माइकने पिस्तूल खाली घेतलं. मी हात मोकळे केले, तर डाव्या हाताला मुंग्या आलेल्या. ही म्हणाली, "ती एवढी बडबड करते ना, तिलाच वाचवलीत होय?" आणि दूध तापवायला आत गेली.