शांबरिक खरोलिकेचे वारस

कलेच्या बाजारांत ‘नवें’ या शब्दाइतकी स्वस्त वस्तु दुसरी सांपडावयाची नाहीं. रेखाटन, प्रत्यक्ष प्रयोग आणि प्रकाशाचे खेळ यांना एकत्र आणणारीं जीं प्रदर्शनें मुंबईच्या कलादालनांतून अलीकडे भरतात, त्यांविषयीं बोलतांना भक्त व निंदक दोघेही याच शब्दाचा आश्रय करितात. एक म्हणतो, हें अगदीं नवें, म्हणून वंद्य. दुसरा म्हणतो, हें अगदीं नवें, म्हणून त्याज्य. आमच्या मतें दोघांचेंही पहिलें पाऊलच चुकलें आहे. चित्र, प्रयोग व प्रकाश यांचा संगम महाराष्ट्रास नवा नाहीं. नवें कांहीं असेल तर तें इतकेंच, कीं या संगमाला आतां दार बसविण्यांत आलें आहे.

पुरावा दूरचा नाहीं. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी रंगविलेल्या चित्रांच्या पोथींतील एकेक पान श्रोत्यांपुढें धरून रामायण-महाभारतांतील आख्यानें गात आले आहेत. त्याच घराण्यांतून चामड्याच्या बाहुल्यांचाही खेळ होतो: पारदर्शक होईल इतकें पातळ केलेलें चामडें, त्यावर रंग व कोरीव छिद्रें, पुढें पांढरा पडदा आणि मागें दिवा. चित्रकार, गायक व प्रकाशयोजक हे तेथें तीन इसम नसतात. या परंपरेचे उपासक परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली.

दुसरें उदाहरण कल्याणचें. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबर हा पुराणांतील मायावी असुर. त्याचेंच नांव या खेळास दिलें. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें कंदिलापुढें झरझर बदलून ते पडद्यावरील आकृति हालत्या-चालत्या करीत, आणि सोबत निवेदन व संगीत चाले. लुमिएर बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं दाखविण्यांत आलीं; म्हणजे त्यापूर्वीं सुमारें चार वर्षें एक मराठी गृहस्थ रेघेला प्रकाशानें चालावयास शिकवीत होते.

आतां निंदकांचा आक्षेप पाहूं. ते म्हणतात, ही विजेची करामत. हींत कला कोठें आहे? नलिनी मालानी यांचें उदाहरण घ्या. १९९२ सालीं मुंबईच्या केमोल्ड कलादालनांत त्यांनीं थेट भिंतींवर चित्रें काढलीं व प्रदर्शन संपतांच तीं पुसून टाकलीं. विकत घेण्यासारखें कांहीं मागें न ठेवणारी कृति ही बाजारी करामत खास नव्हे. पुढें २०१२ सालीं जर्मनींतील कासेल येथील कलामहोत्सवांत त्यांनीं पांच पारदर्शक दंडगोल आंतून रंगवून छताशीं टांगले. ते फिरत, त्यांवर प्रक्षेपकांचा झोत पडे, आणि चित्रांच्या छाया चहूंकडील भिंतींवरून सरकत. यांत वीज आहे; पण तिच्या मुळाशीं हातानें काढलेली आकृतिच आहे. पटवर्धनांच्या कांचेचें व पिंगुळीच्या चामड्याचें तत्त्व याहून निराळें नाहीं. दिवा चित्रकाराचा दोष झांकीत नाहीं. उलट तो पडद्याएवढा मोठा करून दाखवितो.

परंतु भक्तांचा अपराध आम्हांस अधिक मोठा वाटतो. पिंगुळीचें चित्र स्वतःचा अर्थ गाऊन सांगे. आजच्या कलादालनांत तें काम भिंतीवर चिकटविलेल्या टिपणाकडे असतें. तें बहुधा इंग्रजींत, आणि इंग्रजी साहित्य शिकविण्यांत ज्यांचे केंस पिकले त्यांनाही तीनदां वाचावें लागेल अशा इंग्रजींत. जी कला प्रेक्षकाला आधीं दीक्षा देते आणि मग दर्शन देते, तिनें रिकाम्या दालनाबद्दल लोकांच्या अरसिकतेस बोल लावूं नये.

गोंदियाहून मुंबई हजार किलोमीटरांस थोडीच कमी. म्हणून या जिल्ह्यांतील लोक कलेस पारखे आहेत असें मात्र कोणी समजूं नये. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या झाडीपट्टींत दिवाळी झाली कीं मंडया भरतात, दंडारी रंगतात, आणि वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्या होळीपर्यंत गांवोगांव प्रयोग करीत फिरतात. धान कापून दमलेला शेतकरी तिकीट काढून, कडाक्याच्या थंडींत, पहांटेपर्यंत जागा सोडीत नाहीं. ज्याच्या अंगीं असा प्रेक्षक होण्याची ताकद आहे, त्याला फिरत्या छायांचा अर्थ कळणार नाहीं असें म्हणणें हा निव्वळ शहरी अहंकार होय.

यावर उत्तर येतें कीं हीं यंत्रें नाजूक, खर्च मोठा, आणि चित्राला शांतता हवी. शांततेचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. भिंतीवर पुसली जाणारी रेघ जत्रेच्या गर्दींत दिसावयाची नाहीं. परंतु कांचेची चित्रें यंत्रांहून कमी नाजूक नव्हतीं, आणि तीं घेऊन पटवर्धन गांवोगांव गेलेच. अडचण यंत्राची नाहीं, इच्छेची आहे.

‘हें सर्व आमच्याकडे होतेंच’ असें म्हणून मिशांवर ताव देणाऱ्या अभिमान्यांसही एक प्रश्न आहे. तुमच्यापैकीं किती जणांनीं पिंगुळीचा खेळ पाहिला? ज्या पूर्वजांचा उपयोग केवळ दुसऱ्याचें तोंड बंद करण्यापुरता होतो, त्यांचा वारसा चालविला असें म्हणतां येत नाहीं.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. अशा प्रत्येक प्रदर्शनाचें टिपण मराठींत, सुबोध मराठींत असावें. मुंबईचें राष्ट्रीय आधुनिक कलादालन १९९६ पासून सरकारी पैशानें चालतें. तेथील अशा कृतींपैकीं निदान एक तरी दर वर्षीं मंडईच्या हंगामांत विदर्भांतील एखाद्या जिल्ह्याच्या गांवीं यावी, आणि संध्याकाळनंतर खुली असावी, म्हणजे दिवसा राबणाऱ्यांना ती पाहतां येईल. पिंगुळीच्या कलावंताला उद्घाटनाच्या शोभेपुरता न बोलावितां त्याच दालनांत, त्याच मानानें व त्याच मोबदल्यावर जागा मिळावी. एवढें झाल्यावर ही कला नवी कीं जुनी याचा वाद ज्यांना घालावयाचा असेल त्यांनीं खुशाल घालावा. तोंवर या वादाचा उपयोग दार बंद ठेवण्याकडेच होणार.