ठिगळाची प्रतिष्ठा

कादंबरीतील एखादे प्रकरण कथानकाशी एकजीव झालेले नसले, की ‘ठिगळ लावल्यासारखे’ असा शेरा मारून आपण समीक्षक मंडळी मोकळे होतो. चिंधी, लक्तर, पटकूर, जुनेर, ठिगळ: जुन्या कापडासाठी मराठीत शब्दांची चणचण नाही, पण त्यातल्या बहुतेकांना दारिद्र्याचा वास आहे. एक जुनेर तेवढे मायेने उच्चारले जाते.

सातारा-सांगलीकडची वाकळ ज्याने निरखून पाहिली आहे, तो हा शेरा मारताना अडखळेल. तिथे ठिगळ हीच रचना असते. लुगड्याचा कोणता भाग विरला आहे, काठ अजून किती दम धरेल, कोणता तुकडा वर घ्यायचा आणि कोणता आत दडपायचा, हे शिवणारी बोटांनी चाचपून ठरवते. मग धावदोऱ्याच्या ओळींनी सगळे थर बांधले जातात. हा विवेक आपण कवितेच्या संदर्भात शिकवतो. सुईच्या संदर्भात त्याला ‘बायकांचा फावल्या वेळचा उद्योग’ म्हणतो. तान्ह्या बाळाचे झबले-टोपडेही जुनेराचेच शिवत, कारण वर्षानुवर्षांच्या धुण्याने आलेला मऊपणा नव्या ताग्यात मिळत नाही.

गाडगे महाराजांनी तर चिंध्यांची गोधडी अंगावर वागवली, आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. चिंध्या पांघरणाऱ्याचे नाव पदवीच्या प्रमाणपत्रावर चालते. चिंध्या शिवण्याला मात्र आपण विद्या मानत नाही.

अलीकडे इरकली लुगड्यांची जाकिटे, खणाच्या तुकड्यांचे झगे शिवून त्यावर पोट भरू पाहणारी तरुण मंडळी दिसतात. याला सर्जनशील व्यवसाय म्हणायला माझी हरकत नाही, उलट आनंदच आहे. (‘मराठीत एम. ए. करून पुढे काय?’ या प्रश्नापुढे निरुत्तर होणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी नाक मुरडू नये.) प्रश्न आहे तो सर्जन कोणाच्या नावावर जमा होते याचा. आरेखन करणारी व्यक्ती कलावंत ठरते, आणि टाके घालणारी नगावर मजुरी घेते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतमजुरांची वस्ती आहे. तिथल्या स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत झळकल्या, त्याही करणारणींच्या नावांसह. तरी मोबदल्याचा वाद उभा राहिलाच. २००७ मध्ये त्यांतील काही जणींनी न्यायालयात धाव घेतली. नाव मिळाल्यावरही हे होते. आपल्याकडे तर अजून नावापासूनच सुरुवात आहे.

माणदेशात, म्हसवडला, १९९७ साली बायकांची स्वतःची सहकारी बँक उभी राहिली. त्यामुळे भांडवलाची वाट निदान कोणीतरी दाखवली आहे. हिशेबाची वाट अजून कच्ची आहे. एका वाकळीत किती दिवस गेले, हे शिवणारी स्वतःही मोजत नाही; गिऱ्हाईक तर मुळीच नाही.

लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी आपण विद्यार्थ्यांना गावोगाव ओव्या गोळा करायला पाठवतो. त्याच वहीत त्यांनी टाक्यांची आणि तुकड्यांची नावे उतरवून आणावीत, शिवणारीचे नाव तिच्या संमतीने लिहावे, आणि त्याशेजारी तिला किती दिवस लागले व किती रुपये मिळाले तेही.