एक तोडा, एक पिकप!

रविवारची संध्याकाळ. जुन्नरच्या बाजूला मस्त वीकएण्ड झालाय, माळशेजमार्गे मुंबईकडे परत निघालायत. गाडीत चार दोस्त, म्युझिक फुल्ल, सोमवारचं प्रेझेंटेशन डोक्यात घोळतंय. आणि घाटात नेमकी पुढे ती येते. पांढरीशुभ्र, तोंड बोलेरोचं, हौद्यावर ताडपत्री करकचून आवळलेली, मागच्या फाळक्यावर ‘आईची कृपा’. बाजूला व्हायचं नाव नाही. दोन हॉर्न, चार हॉर्न, मग एखादा मित्र म्हणतोच, “यांना लायसन्स कोण देतं यार?”

लायसन्सचं उत्तर पुढे देतो. ते भारी आहे. त्याआधी जरा मोजून बघा. आळेफाट्यापासून मुरबाडपर्यंत अशा किती गाड्या दिसतात? मोजता मोजता कंटाळाल. नाशिक, सांगली, सोलापूर, संभाजीनगर, कुठेही जा, चित्र तेच. दोन ते साडेतीन टनांच्या गटात महिंद्राची पिकअप (गावात हिला ‘पिकप’च म्हणतात) गेली कित्येक वर्षं देशात एक नंबरला आहे. जाहिरातीत ना समुद्रकिनारा, ना मॉडेल. तरी पोरं हिच्यासाठी वेडी आहेत. का?

शहरी माणसाला छोटी मालगाडी म्हटलं की आठवतो तो ‘छोटा हाथी’. टाटांची एस. २००५ मध्ये आली. गिरीश वाघ यांच्या टीमनं बनवलेली, ७०० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टन माल, किंमत तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास. शहरात मोठे ट्रक दिवसा घुसू देत नाहीत, मग गल्लीबोळात माल पोचवायचा कुणी, हा प्रश्न तिनं सोडवला. सॉलिड आयडिया होती, काही वादच नाही. पण गावाचा प्रश्न वेगळा होता. तिथे बोळ नाहीत. घाट आहेत, पाणंद रस्ते आहेत, पावसाळ्यात ओढा आहे, आणि पाऊण टनात भागत नाही.

मग किती लागतं? आपण शहरात भाजी पावकिलोत मोजतो, त्यामुळे हा हिशेब आपल्याला कुणी सांगत नाही. टोमॅटोचा प्लॉट भरात आला की दोन-तीन दिवसांआड तोडणी होते. तिला म्हणतात तोडा. एकरभर टोमॅटोचा भरातला एक तोडा साधारण दीड-पावणेदोन टनांचा. टोमॅटो २० किलोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरतात (गावात त्याला ‘कॅरेट’ म्हणतात, सोन्याशी संबंध नाही, कधी कधी भावामुळे असतो). पिकपचं १.७ टनांचं मॉडेल घ्या. १,७०० भागिले २० म्हणजे ८५ क्रेट. म्हणजे एका शेतकऱ्याचा एक तोडा, एक गाडी, एक खेप.

गंमत इथेच आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. एवढ्या जमिनीवाला दहा टनांचा ट्रक एकटा भरणार कसा? पूर्वी तो भरायचा नाहीच. पाच-सात जणांचा माल एकत्र व्हायचा, ट्रक निघेल तेव्हा निघायचा, जाईल तिथे जायचा. कुणाचा माल वर, कुणाचा खाली दबलेला, उतरताना कुणाचे दोन डाग कमी. पट्टी हातात पडली की कळायचं काय भाव मिळाला ते. पिकपचं माप मात्र इथल्या शेताच्या मापाला बसलं. माझ्या मते बाकी सगळी कारणं याच्या मागून येतात.

लासलगावचा कांदा बाजार बघितलाय? नसेल तर एकदा जाच, कुठल्याही रिसॉर्टपेक्षा भन्नाट आहे. ट्रॅक्टर आणि पिकप ओळीनं उभ्या असतात, हौद्यात मोकळा कांदा. व्यापाऱ्यांचा घोळका गाडीगाडीपाशी थांबतो, मूठभर कांदे उचलून बघतो, बोली होते, पुढच्या गाडीकडे. मग भरल्या गाडीचं भुईकाट्यावर वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल रिकामा, आणि रिकाम्या गाडीचं पुन्हा वजन. एका गाडीत एकाचाच माल, म्हणून एकच बोली, एकच वजन, एकच हिशेब. आपला कांदा आपल्या डोळ्यांदेखत विकला जातो. भाव पडेल तेव्हा तो डोळ्यांदेखत पडतो, हेही खरं.

आणि बाजार कुठला, हे ठरवायची मुभा. तोडा संध्याकाळी भरून झाला की फोनाफोनी सुरू. नारायणगावला आज काय निघाला? पिंपळगाव बसवंतला? वाशीला उद्या आवक किती? मग रात्री नऊला निर्णय होतो आणि साडेनऊला गाडी हलते. टोमॅटोला थांबायला वेळ नसतो. जुलै २०२३ आठवतोय? तुम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये टोमॅटोवरचे जोक फॉरवर्ड करत होतात, तेव्हा नारायणगावात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव चालला होता. सप्टेंबरात तोच भाव असा आपटला, की नाशिककडे लोकांनी माल रस्त्यावर ओतला. दोन महिन्यांत एवढा फरक पडत असेल, तर आज रात्री निघायचं की परवा, याला पैशात किंमत आहे. स्वतःची गाडी दारात असणं म्हणजे ती किंमत आपल्या हातात ठेवणं.

आता गाडीबद्दल. शहरातल्या ऑटो एक्स्पर्टनं ही चालवली तर तो रडेल. रिकामी असताना ही अशी उडते की दाताच्या कवळ्या निसटाव्यात. कारण मागे लीफ स्प्रिंग आहेत. मेकॅनिकच्या भाषेत पाटे. पाटे कडक ठेवलेले असतात ते दीड टन पाठीवर आल्यावर वाकण्यासाठी. माल भरा, मग बघा कशी शहाण्यासारखी चालते. खाली जीपसारखी शिडीची चासी, वर अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. पळण्यात फार दम नाही, ओढण्यात आहे. १९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. त्या घराण्याची खूण या गाडीत अजून दिसते. जे मोडतं ते गावात मिळतं, आणि तालुक्याच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक हिचं पोट डोळे मिटून उघडतो. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ चे नियम आले, सेन्सर वाढले, तेव्हा हाच मेकॅनिक कुरकुरला. मग स्कॅनर घेऊन बसला.

आणखी एक गोष्ट ड्रायव्हर लोक आवर्जून सांगतात. “पुढं बॉनेट आहे ना!” ज्या गाडीत तुमचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये फक्त एक पत्रा असतो, तिच्यातून रात्रीचा घाट उतरून बघा, म्हणजे या वाक्यातला दिलासा कळेल. शिवाय ते बॉनेट कुणाचं? बोलेरोचं. २००० मध्ये आलेली बोलेरो गावात कुणाच्या दारात दिसते? सरपंचाच्या, पतसंस्थेच्या चेअरमनच्या. पुढून बघाल तर पिकपही तीच. वट म्हणतात ती हीच!

एसीचं विचारू नका. १ ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण तो नियम साडेतीन टनांच्या वरच्यांना. पिकपवाला एप्रिलमध्ये दोन्ही काचा खाली करून, गळ्यात ओला पंचा घालून चालवतो.

हां, लायसन्स. तुमच्या खिशात जे कारचं लायसन्स आहे ना, त्यावर तुम्हीही उद्या पिकप चालवू शकता. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं, की साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. परमिटचंही तसंच. एकूण वजन तीन टनांच्या आत असेल, तर मोटार वाहन कायद्यानं मालवाहतुकीचं परमिटच माफ. त्या रेषेच्या जरासं अलीकडे थांबणारी मॉडेल्स बाजारात का असतात, हे आता कळलं असेल. ट्रक घ्यायचा म्हणजे आरटीओचे खेटे, पिकप घ्यायची म्हणजे जवळजवळ कार घेण्याइतकं सोपं. बारावीनंतर पुढे काय, या प्रश्नावर अडकलेल्या पोराला हे फार मोठं आहे.

याच सोपेपणाची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. हौदा मालासाठी आहे. पण गावात तो मजुरांसाठी आहे, वऱ्हाडासाठी आहे, जत्रेसाठी आहे. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेली पिकप घाटात मागे घसरून दरीत गेली. हौद्यात बहुतेक बायका होत्या. किमान दहा जणी गेल्या. पुण्याच्या आयटी पार्कपासून हे ठिकाण फार लांब नाही, दीड-दोन तासांवर. हौद्याला ना सीट, ना बेल्ट, ना धरायला काही. उभी माणसं म्हणजे न बांधलेला माल. चढावर सगळं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, मग ड्रायव्हर कितीही पट्टीचा असो. कायदा म्हणतो, मालाबरोबर मालाचा मालक बसला तर चालेल. बाकीच्यांसाठी या गाडीचा विमा हात वर करतो. म्हणजे अपघातानंतर घरच्यांच्या हातात येतात त्या कोर्टाच्या तारखा.

“मग बसतात कशाला?” हा प्रश्न विचारायच्या आधी त्या गावाला दिवसात एसटी किती आहेत ते बघा. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, त्या काळात अर्ध्या महाराष्ट्राला वाहून नेलं ते वडापच्या जीपनं आणि या हौद्यांनी. पोलीस दंड करतात, ठीक आहे, करायलाच हवा. पण दंडानं बस येत नाही. मला विचाराल तर पिकपची ही लोकप्रियता काही कौतुकाची नाही. ती निव्वळ नाइलाजाची आहे.

बरं, पैशाचं काय? नवी पिकप मॉडेलप्रमाणे आठ-दहा लाखांच्या घरात. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा शोरूमला नव्यानं गर्दी झाली. थोडं डाऊन पेमेंट, बाकी चार-पाच वर्षांचे हप्ते. आपल्या होम लोनचा ईएमआय पगारातून कापला जातो, आपल्याला कळतही नाही. इथे पगार नाही. स्वतःचा तोडा चार महिने, उरलेले आठ महिने दुसऱ्याचं भाडं मारायचं. खत आणा, ऊस लागणीचं बेणं पोचवा, मंडपाचं सामान न्या, शेळ्या बाजारला न्या. पहिला वर्षभर पैसे घेतो, हार घालून गाडी पुसतो. मग शेजारच्याचा मुलगा पिकप घेतो, मग त्याचा चुलत भाऊ. भाडी तेवढीच, गाड्या तिप्पट. रेट पडतो. मग ८५ क्रेटच्या जागी १२० चढतात, पाट्यांमध्ये एक जादा पाटा टाकून घेतला जातो, आणि आठवड्यातल्या चार रात्री वाशीच्या रस्त्यावर जातात. माळशेजला तुमच्यापुढे जो बाजूला होत नव्हता ना, त्याच्या पाठीवर दोन टन असण्याची आणि डोळ्यांत तीन रात्रींची झोप असण्याची शक्यता बरीच आहे. ओव्हरटेक जपून करा, त्याच्यासाठी नाही तर स्वतःसाठी.

शहाणे पिकपवाले यातूनही वाट काढतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तुमच्या सोसायटीच्या गेटवर कलिंगडं आणि कांदे घेऊन उभी राहिलेली गाडी आठवते? त्यातल्या काहींनी ते गिऱ्हाईक सोडलंच नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शुक्रवारी यादी, रविवारी सकाळी माल. बाजार समिती नाही, आडत्या नाही. फळं-भाजीपाला २०१६ मध्येच समितीच्या बंधनातून मोकळा झाला होता. गेटपर्यंत पोचायला तेवढी एक गाडी हवी होती.

पण बहुतेकांचा खरा झगडा आहे परतीचा. जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी, आणि डिझेल दोन्हीकडचं. पहाटे वाशीला माल उतरला की सकाळी आठ-नऊच्या सुमाराला हे लोक मार्केटच्या बाहेर चहा पीत परतीचं भाडं शोधत उभे असतात. तेव्हा मुंबईतून पुण्याला किंवा नाशिकला शिफ्ट होणार असाल, नवा जॉब, नवी रूम, सामान म्हणजे एक गादी, एक वॉशिंग मशीन आणि तीन खोकी पुस्तकं, तर पॅकर्सना फोन लावायच्या आधी तिथे एक चक्कर मारा. भाव आधी ठरवा, टोल कुणाचा ते विचारून घ्या. आणि गादी प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळा. हौद्यात टोमॅटोचा रस असतो.