सुट्टीत एक खुराडे बांधा

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी कोंबड्यांचे खुराडे बांधले. शाळेत परत आल्यावर डॉर्ममध्ये हे सांगितले, तेव्हा मित्र हसले. ‘एनडीएची तयारी सोडून कोंबड्या?’ घरी काकांनीही हेच विचारले होते. माझे मत मात्र आता पक्के झाले आहे. ज्याच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, अशा प्रत्येक कॅडेटने एका सुट्टीत स्वतःच्या हाताने खुराडे बांधावे आणि पालकांनी त्याला ते बांधू द्यावे. का, ते सांगतो.

आमचे घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला आहे. आजीच्या कोंबड्या दिवसभर परसात चरतात आणि रात्री डालग्याखाली झाकल्या जातात. यंदा नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा झाल्यावर डालगी पुरेनात. मी म्हणालो, “आजी, मी खुराडे बांधतो.” जुन्या फळ्या होत्याच. बाजारातून सहा कोनी भोकांची पातळ जाळी आणली. तीन दिवसांत खुराडे उभे राहिले, वर हिरवा रंगही दिला. आजीने जाळीला बोट लावून पाहिले आणि म्हणाली, “बाळ, ही जाळी कोंबडीला आत ठेवती. बोक्याला भाईर ठेवंल व्हय?” मी ते हसण्यावारी नेले.

आठव्या रात्री रानमांजर आले. पहाटे पाहतो तर कोपऱ्यातली जाळी फाटलेली आणि पाच कोंबड्या गेलेल्या. त्यांत एक खुडूक होती. अंड्यांवर बसून तिला अठरा दिवस झाले होते. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली असती. अंड्यांसकट तिला नव्या खुराड्यात मीच हलवले होते. आजी मला काहीच बोलली नाही. तिने पिसे गोळा केली आणि फुटलेली अंडी राखेने झाकली. ती रागावली असती तर बरे वाटले असते.

काका म्हणाले, फासा लावू. पण रानमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि खरे तर चूक त्याची नव्हतीच. त्याने फक्त माझे काम तपासले. शाळेत इन्स्पेक्शनची वेळ ठरलेली असते, त्यामुळे आपण किट चमकवून उभे राहतो. खुराड्याचे इन्स्पेक्शन रात्री, न सांगता, आपण झोपेत असताना होते. तिथे रंग कोणी बघत नाही.

दुसरे खुराडे बांधायला अकरा दिवस लागले. या वेळी आधी कागदावर आकृती काढली. कोंबड्या दिवसा बाहेर चरणार असतील, तर रात्रीपुरती एकीला एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. दिवसभर आतच ठेवायच्या असतील, तर किमान दोन ते अडीच चौरस फूट हवी. फळ्यांची जमीन मातीपासून दोन फूट वर घेतली, म्हणजे ओल चढत नाही आणि घुशी खालून पोखरत नाहीत. पातळ जाळीऐवजी अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घेतली आणि तिच्या कडा लाकडी पट्ट्यांखाली दाबून स्क्रूने आवळल्या. कौले सरकवून काही आत शिरू नये, म्हणून कौलांखालीही तीच जाळी मारली. दाराला दोन कड्या लावल्या, एक वर आणि एक खाली.

आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. म्हणून ती बाजू बंद ठेवली आणि छप्पर भिंतीच्या दीड फूट पुढे काढले. वळचणीखाली मात्र वारा खेळायला जागा सोडली. विष्ठेतून अमोनिया निघतो. तो कोंडला की कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि श्वासाचे आजार होतात. बसायला दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली काठी आडवी टाकली, एकीला आठ इंच या हिशेबाने. खाली तीन इंच भाताचे तूस पसरले. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खोका पुरतो, फूटभर लांब आणि फूटभर रुंद.

हे सगळे झाल्यावरही सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिलीच होती. सुट्टी संपली की मी शाळेत येणार आणि खुराडे चालवणार आजी. तिचे गुडघे दुखतात. पहिल्या खुराड्याचे दार जमिनीलगत होते. तिने रोज वाकून आत कसे शिरायचे, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आता दार तिच्या कमरेच्या उंचीला आहे. अंड्यांच्या खोक्याला बाहेरून झाकण आहे. बसायच्या काठीखाली पत्र्याचा ट्रे आहे. तो ओढला की विष्ठा थेट परड्यातल्या खतात जाते. दाराच्या आतल्या बाजूला मानमोडीच्या लसीच्या तारखा खडूने लिहिल्या आहेत. या रोगाला आपल्या देशात राणीखेत म्हणतात. कुमाऊँ रेजिमेंटचे केंद्र जिथे आहे, त्याच राणीखेतवरून हे नाव पडले. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच लसीचे थेंब द्यावे लागतात. पुढच्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून घेतल्या.

आपल्यातले बरेच जण पुढे जे काम करतील, ते दुसऱ्यांच्या भरवशाचे असेल. सॅपर पूल बांधून पुढे जातो आणि त्यावरून दुसऱ्यांचे ट्रक जातात. आपण तिथे नसताना आपले काम टिकले पाहिजे, ही सवय फक्त परेड ग्राउंडवर लागत नाही. ती लागायला एखादा जीव आपल्या कामावर विसंबून असावा लागतो.

पालकांची शंका मला कळते. अभ्यासाचे काय? मी सकाळी दोन तास काम करायचो, बाकी दिवस मोकळाच असायचा. घाण वास येईल का? वास ओल्या तुसाचा येतो. तूस कोरडे असले आणि वारा खेळता असला की शेजाऱ्यांना त्रास होत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आजोळी बांधावे. मात्र तयार खुराडे विकत आणू नका आणि सुतारालाही बोलावू नका. मुलाचे पहिले खुराडे वाकडे होईल, होऊ द्या. त्यातली चूक त्याची त्यालाच सापडू द्या. आमच्या इन्स्ट्रक्टर सरांना एक विनंती आहे. वर्कशॉपच्या तासाला आम्ही फोटोफ्रेम बनवतो. त्याऐवजी एक टर्म खुराडे घ्या. मापे, सांधे, उतार, वारा सगळे त्यात येते.

माझ्या मित्रांसारखे मलाही आधी हे काम लहान वाटले होते. आता रविवारी घरी फोन लावला की माझा पहिला प्रश्न कोंबड्यांचा असतो. मागच्या रविवारी आजी म्हणाली, “रात्री काहीतरी येऊन गेलं बघ. चिखलात पायाचं ठसं हुतं, खुराड्याभोवती दोन फेऱ्या मारल्यात.” मी विचारले, “आणि कोंबड्या?”

“मोजल्या की. सगळ्या हायत.”