रोमँटिक कुणाला म्हणता?

आपल्या बैठकांत एक शिवी चालते. कुणी झाडावर, पाखरावर चार ओळी लिहिल्या की लगेच, ‘रोमँटिक साला!’ झालं. त्या पोराची वही बंद. मित्रांनो, शिवी खुशाल द्या. पण त्या शब्दाचं कूळ तरी तपासा.

इंग्रजी रोमँटिक म्हणजे वर्डस्वर्थ, एवढंच आपल्यापर्यंत येतं. त्यानं १८०० साली ‘लिरिकल बॅलड्स’ला प्रस्तावना लिहिली. कविता साध्या माणसांच्या जगण्यावर, त्यांच्या बोलण्यातल्या भाषेत लिहावी, असं मांडलं. चांगलं केलं. केशवसुतांपासून मराठी कवितेनंही या मंडळींचं बोट धरलं. पण ही प्रस्तावना वर्गात घोकून घेणारेच आमच्या वस्तीची भाषा कागदावर उतरली की नाकाला रुमाल लावतात! साधा माणूस कवितेचा विषय असतो तोवर गोड. तोच लेखणी घेऊन दारात आला तर?

आला होता. जॉन क्लेअर, जन्म १७९३, हेल्पस्टन गावचा शेतमजूर. मळणी केली, चुन्याच्या भट्टीवर राबला, मिळेल त्या चिटोऱ्यावर लिहीत गेला. १८२० ला पहिलं पुस्तक निघालं. आतल्या पानावर नावाखाली छापलं : नॉर्दम्प्टनशायरचा खेडूत. म्हणजे कविता वाचण्याआधीच कवीची पायरी दाखवून टाकली. लंडनच्या बड्या लोकांनी कौतुक केलं. मग कात्री आली. प्रकाशकानं त्याची बोली, त्याचं लिहिणं ‘सुधारलं’. लॉर्ड रॅडस्टॉक या आश्रयदात्याला धनिकांविरुद्धच्या ओळी खुपल्या. पुढच्या आवृत्तीत त्या उडाल्या.

आता त्याचं गवत बघा. १८०९ च्या कायद्यानं हेल्पस्टनची सामाईक जमीन कुंपणात घालायला सुरुवात झाली. गरिबाचं जनावर चरायचं तो माळ खाजगी झाला. पाखराचा आसरा आणि मजुराची पायवाट एकाच कुंपणानं गेली, हे क्लेअरनं लिहिलं. ही निसर्गाची कविता आहे आणि सातबाराचीही. आपल्याकडं १९५९ ला, पुन्हा १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीन माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यांच्या नातवांना गवतावरची कविता परकी कशी?

डिसेंबर १८४१ पासून १८६४ ला मरेपर्यंत क्लेअर वेड्यांच्या इस्पितळात होता. तिथंही लिहीत होता. त्याच्या ‘शेफर्ड्स कॅलेंडर’ची १८२७ ला अशीच छाटाछाट झाली होती. ते त्याच्या हस्तलिखिताबरहुकूम छापून यायला १९६४ साल उजाडलं. मेल्यावर शंभर वर्षांनी माणसाला त्याची जीभ परत मिळाली. आपण एवढं थांबायचं का?

मी सूतगिरणीत तुटलेले धागे सांधतो. रातपाळीतनं बाहेर पडलो की वर चंद्र असतो. मी त्याच्यावर लिहिणार. माझ्या चंद्राला कापसाची धूळ लागलेली असणार. ‘ती धूळ झाडून आण’ म्हणणारा संपादक आणि ‘चंद्रच नको’ म्हणणारा कार्यकर्ता, दोघांच्या हातात कात्री एकच आहे. संपादकाची कात्री आपण हिसकावून घेऊ. तुमची तुम्हीच खाली ठेवा.